सामायिक पडदा

मोठा टीव्ही घेतला की घरी येणारे पाहुणे दोनपैकी एक प्रश्न विचारतात. काही जण विचारतात, "किती इंची?" आणि काही जण, "एवढा मोठा कशाला?" पहिल्यांना त्याचं कौतुक असतं, दुसऱ्यांच्या डोळ्यांत तो खुपतो. पण टीव्ही ही ऐपत दाखवायची वस्तू आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. सरकारही बरीच वर्षं तेच धरून चालत होतं. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के, अशी रेघ आखलेली होती. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, ती पुसली गेली आणि लहानमोठे सगळे टीव्ही १८ टक्क्यांत आले.

ती रेघ पुसली हे बरंच झालं. घरात आज माणशी एक मोबाइल आहे. जेवताना, झोपताना, बसची वाट पाहताना प्रत्येकाचा पडदा वेगळा, आणि एकाच्या पडद्यावर काय चाललंय ते शेजारच्याला कळत नाही. अशा घरात चार जणांना एकाच वेळी एकच गोष्ट दाखवणारी वस्तू एकच उरली आहे, ती म्हणजे भिंतीवरचा टीव्ही. म्हणून तो मोठा असावा, सगळ्यांना नीट दिसावा, या बाजूने मी ठामपणे बोलेन. माझी तक्रार आहे ती तो बनवणाऱ्यांविषयी, विकणाऱ्यांविषयी आणि विकल्यानंतरही त्याला दुरून चालवत राहणाऱ्यांविषयी. हा पडदा सगळ्या घराचा आहे, ही साधी गोष्ट त्यांच्या हिशेबातच नाही.

आपल्याकडे टीव्ही आला तोच मुळी सगळ्यांचा म्हणून. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि नंतरची कितीतरी वर्षं चाळीत मजल्यावर ज्याच्याकडे टीव्ही त्याची खोली संध्याकाळी सगळ्या मजल्याची असायची. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांना उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले, ते गावात एका सामायिक जागी ठेवलेल्या संचावर. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा वीस-एकवीस इंची डब्यासमोर दाटीवाटीने बसलेली माणसं आजही अनेकांना आठवतील. तेव्हा पडदा लहान होता आणि पाहणारे पुष्कळ होते. आता पडदा मोठा झाला आणि पाहणारे घरातल्या घरात पांगले. त्यांना पुन्हा एकत्र आणायची ताकद त्या मोठ्या काचेत आहे असं मला खरंच वाटतं. मात्र ती काच आपल्या घराच्या मापाने घेतली जात नाही.

दुकानात ५५ इंची इतके का दिसतात आणि मग एकदम ६५, ७५ का, याचं उत्तर कारखान्यात आहे. एलसीडी पॅनल मोठ्या काचेच्या तक्त्यावर तयार होतात आणि मग त्यांचे तुकडे पाडले जातात. शिंपी ताग्यातून कमीत कमी चिंधी जाईल अशा बेताने कापड बेततो, तसाच तिथला हिशेब असतो. ज्याला 'साडेआठवी पिढी' म्हणतात त्या सुमारे २.२ बाय २.५ मीटरच्या तक्त्यातून ५५ इंचांचे सहा तुकडे जवळजवळ काहीही वाया न जाता निघतात. पुढे 'साडेदहावी पिढी' आली, जवळपास २.९४ बाय ३.३७ मीटरची. तिच्यातून ६५ इंची आठ किंवा ७५ इंची सहा निघतात. चीनमध्ये हेफेई इथे बीओई कंपनीचा असा पहिला कारखाना सुरू झाला, नंतर इतरांचेही झाले, आणि एके काळी स्वप्नातली वाटणारी मापं हप्त्यावर घेण्याजोगी झाली. म्हणजे कोणतं माप स्वस्त पडणार हे काच कशी कापली जाते त्यावर ठरतं. विक्रेता 'यावर सध्या चांगली ऑफर आहे' म्हणतो त्याच्या मागे बहुतेक वेळा हा हिशेब असतो. तुमचा हॉल त्यात कुठेच नसतो.

तो हॉल मोजायला एक टेप पुरते. सोफ्याच्या पाठीपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर घ्या. चित्रपट नीट पाहायचा तर पडद्याने आपल्या नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापावा, असा एक जुना, रुळलेला निकष आहे. त्या हिशेबाने ४३ इंचीसाठी सुमारे सहा फूट, ५५ इंचीसाठी साडेसात आणि ६५ इंचीसाठी जवळजवळ नऊ फूट अंतर येतं. आपल्या शहरी फ्लॅटमधल्या हॉलमध्ये आठ-नऊ फूट सहज निघतात. तेव्हा 'एवढा मोठा कशाला' म्हणणाऱ्यांना भूमितीचा पाठिंबा नाही. जवळून पाहिल्याने डोळे कायमचे बिघडतात ही समजूतही जुन्या डब्यांच्या काळातली आहे. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे काही रंगीत संच क्ष-किरण सोडत असल्याचं आढळून परत मागवले गेले होते, त्या भीतीचं हे उरलेलं शेपूट. आजच्या पॅनलमधून तसलं काही येत नाही. टक लावून पाहिल्याने डोळे कोरडे होतात, थकतात, हे खरं. पण ते पुस्तकानेही होतं.

तीच टेप दुसऱ्या बाजूनेही बोलते. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखतो. ५५ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका ०.६३ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तो सुमारे सात फुटांच्या पलीकडून वेगळा दिसतच नाही. नऊ फुटांवर बसणाऱ्याला त्या मापात फोर-के आणि फुल एचडी यांच्या ठिपक्यांमधला फरक कळणार नाही. आता या मापात जवळजवळ सगळेच टीव्ही फोर-के मिळतात, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे जात नाहीत. पण आठ-के वगैरे नावांवर कुणी जास्तीचे पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. तो पैसा पॅनलच्या जातीकडे वळवावा, कारण सामायिक पाहण्याचा खरा प्रश्न तिथे आहे.

पॅनल मुख्यतः दोन जातींचे येतात. व्हीए पॅनलचा काळा रंग खोल असतो, समोर बसून पाहणाऱ्याला चित्र झकास दिसतं; पण बाजूला सरकलात की रंग फिकटतात. आयपीएसचा काळा रंग करडा वाटतो, मात्र कोनातूनही रंग टिकतात. आता आपलं घर डोळ्यांसमोर आणा. एक जण सोफ्यावर, एक जण भिंतीला पाठ लावून खाली, आजोबा खिडकीशी खुर्चीत, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून मान वळवून बघणारी आई किंवा बायको. त्या ओट्यावरून व्हीए पॅनलवरचे चेहरे धुतल्यासारखे दिसतात. घरातलं जे माणूस मुळातच सर्वांत कमी निवांतपणे टीव्ही पाहतं, त्याच्या वाट्याला सर्वांत वाईट चित्र येतं. एवढी महत्त्वाची गोष्ट खोक्यावर छापलेली नसते. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या मापांत, कधी एकाच मापातही, वेगवेगळ्या जातीचं पॅनल निघतं. म्हणून दुकानात चालू टीव्हीसमोरून बाजूला चार पावलं चालून, खाली बसून पाहावं. विक्रेत्याला विचित्र वाटलं तर वाटू द्यावं.

उंचीचंही तसंच. फर्निचरवाल्याने लॅमिनेटचं पॅनल आधीच करून ठेवलेलं असतं, त्यात प्लगची जागा वर, म्हणून टीव्ही वर. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतात, सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याचे अडीच फुटांच्या आसपास. ज्या घरात अजून खाली बसून जेवण आणि टीव्ही दोन्ही चालतं, तिथे पाच फुटांवर मध्य असलेला पडदा म्हणजे रोजची मानदुखी. वायर जरा लांब पडली तरी चालेल, टीव्ही खाली घ्या.

आता चित्राबद्दल, आणि इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. साध्या एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. भागाकार केला तर बरोबर वीस. म्हणजे वाहिनीकडून आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात, त्यातले एकोणीस अंदाजाने. म्हणून नवा टीव्ही लावल्यावर एसडी वाहिनी जुन्या डब्यापेक्षा वाईट दिसते आणि लोकांना फसल्यासारखं वाटतं. उपाय आहे: जी वाहिनी रोज पाहता ती एचडीत घ्या, बाकीच्या सोडा.

याहून जास्त मनाला लागणारी गोष्ट म्हणजे ताणलेलं चित्र. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेले आहेत आणि नवा पडदा आडवा आहे. कडेला काळे पट्टे दिसले की 'पूर्ण पडदा का भरत नाही' म्हणून कुणीतरी रिमोटवरून चित्र ताणतं, आणि मग ते तसंच राहतं. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' असा पाहिला तर विष्णुपंत पागनीसांचा चेहरा जवळपास तिसऱ्या हिश्शाने रुंद होतो. ज्या कृश, शांत चेहऱ्यावर तो सगळा चित्रपट उभा आहे, तोच बदलून जातो. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी ठरवलेली चौकट मोडायचा आपल्याला काही अधिकार नाही. कडेचे काळे पट्टे हा पडद्याचा अपव्यय समजू नये. 'पिक्चर साइझ' किंवा 'आस्पेक्ट रेशो'मध्ये मूळ माप ठेवायचा पर्याय असतो, तो एकदा लावून घरात सगळ्यांना सांगून ठेवावा.

दुकानातून आलेला टीव्ही दुकानासाठीच लावलेला असतो. तिथल्या झगझगीत ट्यूबलाइटमध्ये शेजारच्या वीस टीव्हींतून तो उठून दिसावा म्हणून उजेड पूर्ण, रंग भडक, पांढरा निळसर. घरी आणल्यावर हा उजेड कमी करायला हवा, पण अनेकजण टीव्ही तसाच पाहतात. त्यातच दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच तिसरं चित्र घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय सुरू असते. सेकंदाला चोवीस चित्रांवर काढलेला सिनेमा त्यामुळे स्टुडिओत चित्रित केलेल्या दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी मुद्दाम चित्रफीत काढून लोकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली, आणि पुढच्या वर्षी ती बंद ठेवणारा 'फिल्ममेकर मोड' आला. क्रिकेटला ती सोय राहू द्या, सिनेमाला बंद करा.

उजेड कमी करण्यामागे चित्राइतकंच घरखर्चाचंही कारण आहे. एलईडी टीव्हीच्या पॅनलमागे छोट्या दिव्यांच्या पट्ट्या असतात. दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जळला की पट्टीच अंधारते, आणि बऱ्याच संचांत संरक्षणासाठी सगळाच बॅकलाइट बंद पडतो. आवाज येतो, चित्र नाही. अशा वेळी जाणता मेकॅनिक खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका लावतो. आत अंधुक आकृत्या हलताना दिसल्या तर पॅनल शाबूत आहे, फक्त पट्ट्या गेल्या. त्या बदलायला नव्या टीव्हीच्या किमतीचा लहानसा भागच लागतो. हे माहीत नसल्याने चांगली काच भंगारात जाते. दिवे पूर्ण तेजावर रात्रंदिवस जाळले की लवकर तापतात, लवकर जातात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणांचाही विचार आहे. पट्ट्यांचे क्रमांक आणि सुटे भाग गल्लीतल्या मेकॅनिकला सरळ मिळतील, तेव्हाच त्या हक्काला अर्थ येईल.

घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार मात्र चित्राची नसते. "काय बोलतात कळत नाही," ही असते. टीव्ही सडपातळ झाला तशी जुन्या डब्यातली स्पीकरला लागणारी पोकळी गेली. आताचे स्पीकर लहान, आणि बहुतेकदा तोंड खाली किंवा मागे करून बसवलेले. शिवाय सिनेमात संवाद मधल्या स्वतंत्र मार्गावर असतात. ते दोन बारक्या स्पीकरांत कोंबले की पार्श्वसंगीताखाली बुडतात. आवाज वाढवला की संगीतच वाढतं. इथे मोठ्या पडद्याचा उपयोग फार मोलाचा आहे, कारण त्यावरची उपशीर्षकं नऊ फुटांवरून वाचता येतात. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला घरातल्या हसण्यात सामील होता येतं. मराठी मालिका-चित्रपटांना मराठीतूनच उपशीर्षकं असावीत ही मागणी आपण वाहिन्यांकडे आणि ओटीटीवाल्यांकडे लावून धरायला हवी. ती केवळ परभाषकांसाठीची सोय आहे असं समजणं थांबलं पाहिजे.

इथपर्यंतच्या गोष्टी समजून घेतल्या की आपल्या हातात येतात. पुढची येत नाही.

टीव्ही घरी येतो, दोन-तीन दिवसांत बसवायला मुलगा येतो. तो भिंतीत भोकं पाडतो, ब्रॅकेट लावतो, वायफायचा पासवर्ड विचारतो. मग पडद्यावर बारीक अक्षरांतले इंग्रजी करार एकामागून एक येतात आणि तो रिमोट हातात धरून 'अॅग्री', 'अॅग्री', 'नेक्स्ट' दाबत जातो, कारण त्याला संध्याकाळपर्यंत आणखी घरं गाठायची असतात. त्याचा काही दोष नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात त्या घराच्या वतीने घराबाहेरच्या माणसाने संमती दिलेली असते.

कशाला दिली? अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावर काय चाललंय ते ओळखणारी यंत्रणा असते. ती चित्राचे काही ठिपके ठरावीक अंतराने उचलते, त्यांचा ठसा तयार करते आणि दूरच्या साठ्याशी ताडून पाहते. तुम्ही सेट-टॉप बॉक्सवरून पाहा की डीव्हीडीवरून, तिला फरक पडत नाही, कारण ती पडद्यावरचंच पाहते. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी सेकंदासेकंदाची माहिती ग्राहकांना धड न सांगता गोळा केल्याचं प्रकरण फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटलं. त्या माहितीला वय, लिंग, उत्पन्न असे तपशील जोडून ती विकली जात होती. याच कंपनीला २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत जाहिराती आणि डेटाच्या धंद्यातून मिळालेला ढोबळ नफा टीव्ही विकून मिळालेल्या नफ्याच्या दुपटीहून जास्त होता. २०२४ मध्ये वॉलमार्टने ती सुमारे २३० कोटी डॉलरना घेतली. काच स्वस्त का झाली, याचं दुसरं उत्तर हे आहे. पहिलं कारखान्यातल्या तक्त्यात होतं.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. संमती मोकळेपणाने, समजून, विनाअट दिलेली हवी, असं तो म्हणतो. संमतीची मागणी आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली.

कायदा चांगला आहे, पण त्याच्या डोळ्यांसमोर एक व्यक्ती आणि तिचा मोबाइल आहे. हॉलमधला टीव्ही त्या चौकटीत बसत नाही. त्याच्यासमोर दुपारी आजी असते, चार वाजता शाळेतून आलेली मुलगी, रात्री सगळे. संमती कुणाची घ्यायची? वडिलांनी एकदा 'हो' म्हटलं तर मुलीने पाहिलेल्या कार्टूनचा ठसा कोणत्या नावाने जाणार? टीव्हीला समोर कोण बसलंय हे कळत नाही असं म्हणावं, तर मुलांचा माग न काढण्याची अट तो पाळणार कशी. आणि कळतं असं म्हणावं, तर ते जास्तच भयंकर. यातून एकच मार्ग सरळ निघतो. घरात सामायिक पाहिल्या जाणाऱ्या पडद्यावर अशी ओळख-यंत्रणा कारखान्यातून बंदच आली पाहिजे. ज्याला हवी त्याने ती मराठीत वाचून, स्वतः सुरू करावी. नियम करणाऱ्यांनी 'घर' नावाच्या ग्राहकाचा वेगळा विचार केला पाहिजे.

ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी या मागणीला आणखी दोन गोष्टी जोडाव्यात: खोक्यावर पॅनलची जात छापणं, आणि सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळतील ते लिहून देणं. २०१९ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्स काही जुन्या टीव्हींवर चालेनासं झालं तेव्हा त्या टीव्हींच्या काचा धडधाकट होत्या. थकला होता तो आतला संगणक. वीस-तीस रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर 'कधीपर्यंत चांगलं' हे छापणं बंधनकारक असेल, तर पन्नास हजारांच्या टीव्हीवर ते का नसावं?

तोवर एवढं करता येतं. बसवणारा मुलगा आला की भोकं त्याला पाडू द्या, रिमोट आपल्या हातात ठेवा. वायफायचा पासवर्ड लगेच देऊ नका. टीव्ही इंटरनेटविना सुरू होतो का ते पाहा, बहुतेक होतो. नंतर 'प्रायव्हसी' किंवा 'टर्म्स' या सदरात जाऊन पाहण्याच्या माहितीला आणि जाहिरातींना दिलेली प्रत्येक संमती काढून घ्या. हे काम एकट्याने करू नका. घरातल्या सगळ्यांना समोर बसवून, कोणता पर्याय कशासाठी आहे ते मोठ्याने वाचून, मराठीत सांगून करा, आणि शाळेतल्या मुलीला रिमोट देऊन तिलाच तो शेवटचा 'नाही' दाबू द्या.